शर्यत सव्वा अकरा इंचांची

ड्रॅग रेस बघायला आलेल्या पाहुण्याला जेमतेम सेकंदा-दोन सेकंदांचा खेळ दिसतो. दिवे एकेक करून खाली उतरतात, बोटाएवढ्या दोन गाड्या सरळसोट पट्टीवरून सुटतात, पलीकडच्या फोमच्या गादीत घुसतात आणि फलकावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचे आकडे उमटतात. पाहुणा विचारतो, “झालं?” हो, झालं. पण त्या क्षणाआधी कित्येक संध्याकाळी कुणीतरी भिंग, चिमटा, पॉलिश पेपर आणि मल्टिमीटर घेऊन टेबलाशी बसलेलं असतं. इथे सांगतोय ते किस्से त्या टेबलावरचे आहेत.

स्लॉट कार ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅकमध्ये एक खाच असते. खाचेच्या दोन्ही बाजूंना पोलादी रूळ असतात आणि त्यांतून वीज वाहते. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते, तांब्याचे दोन ‘शू’ रुळांवर घासत जातात आणि मोटरला वीज देतात. खेळणाऱ्याच्या हातात फक्त कंट्रोलरचा ट्रिगर. आम्ही चालवतो त्या या जातीतल्या अगदी लहान, एचओ मापाच्या गाड्या. लांबी सात सेंटिमीटरच्या आसपास, वजन वीसेक ग्रॅम.

हा छंद अमेरिकेत वाढला. ऑरोरा कंपनीने १९६० मध्ये ‘मॉडेल मोटरिंग’ नावाने या गाड्यांचे सेट तिथे आणले. त्या पहिल्या गाड्यांत फिरणारी मोटरच नव्हती, एसी विजेवर थरथरणारी एक पट्टी चाकाला ढकलत असे. १९६३ मध्ये ‘थंडरजेट ५००’ आली आणि चित्र पालटलं. डेरेक ब्रँड या इंग्लिश माणसाने तिची मोटर चपटी केली. तिचं आर्मेचर, म्हणजे तारेने गुंडाळलेला फिरता भाग, उभ्या दांड्यावर आडवं फिरतं आणि गिअर पाठीवर उघडे दिसतात. योगायोग असा, की त्याच १९६३ मध्ये इंडियानापोलिसच्या ‘यूएस नॅशनल्स’मध्ये खऱ्या ड्रॅग रेसिंगला झेंडेवाल्याच्या जागी दिव्यांचा खांब मिळाला. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. पुढे ऑरोराने ‘एएफएक्स’ ही मालिका काढली. त्या नावातलं ‘फॅक्टरी एक्सपेरिमेंटल’ हेसुद्धा ड्रॅग रेसिंगमधल्या एका वर्गाचंच नाव. छोट्या गाड्यांची आणि मोठ्या गाड्यांची सोयरीक ही अशी पहिल्यापासूनची आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये हात काळे करून शिकलो आणि नोकरीमुळे इंडियानात आलो. इथे कुणाच्या तरी तळघरात शनिवारी आमचं मंडळ जमतं. त्यात निवृत्त कारागीर आहेत, शाळकरी पोरं आहेत, दोन-तीन मराठी घरंही आहेत. या मंडळात मी एक गोष्ट पक्की शिकलो आणि आजचं सगळं सांगणं त्या एका गोष्टीसाठी आहे. ती म्हणजे ड्रॅग रेस पहिल्या फुटात ठरते.

याचं गणित साधं आहे. खऱ्या ड्रॅग रेसचं पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. आमच्या गाड्या १:६४ धरल्या तर पट्टी भरते २० फूट साडेसात इंच. खऱ्या शर्यतीत पहिल्या ६० फुटांचा वेळ वेगळा मोजतात आणि जाणकार आधी तोच आकडा बघतात. आमच्या मापात ते ६० फूट म्हणजे सव्वा अकरा इंच. हे अंतर एकूण पट्टीच्या बाविसाव्या भागाइतकंच आहे. पण गाडी सारख्या दराने वेग घेत गेली असं धरलं, तर एकूण वेळातला पाचव्या भागाहून जास्त वेळ या सव्वा अकरा इंचांतच जातो. खऱ्या मोटरचा जोर पुढे ओसरतो म्हणून आकडा थोडा सरकतो, पण मुद्दा तोच राहतो. इथे सेकंदाचे पाच शतांश गमावले आणि शेवटी गाडी सेकंदाला अकरा मीटरने धावत असली, तर शेवटच्या रेषेवर ती अर्ध्या मीटरहून मागे असते. आमच्या भाषेत आठ गाड्या मागे.

लिंबाचा वास

चाकांपासून सुरुवात करतो, कारण मोटर कितीही तगडी असली तरी जमिनीशी गाठ चाकाचीच असते. आमच्याकडे मागच्या चाकांना सिलिकॉनचे टायर चढवतात. स्वच्छ पट्टीवर सिलिकॉन घट्ट धरतो. धूळ बसली की सटकलाच. म्हणून प्रत्येक फेरीआधी चाकं मास्किंग टेपच्या चिकट बाजूवर फिरवून घ्यायची, आणि त्यानंतर टायरला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा त्याला चालत नाही.

एका शनिवारी सगळ्यांच्याच गाड्या जागच्या जागी फिरू लागल्या. दिवा हिरवा झाला की चाकं गरगरायची आणि गाडी एका जागी थरथरायची. कुणी टायर बदलले, कुणी वजन वाढवलं, कुणी व्होल्टेज उतरवलं. फरक शून्य. आमच्यात एक ज्येष्ठ टूलमेकर आहेत. सगळं आयुष्य मोटारींचे डाय बनवण्यात गेलेलं. ते उठले, पट्टीवर तर्जनी घासली आणि बोट नाकाशी नेलं.

“लिंबाचा वास येतोय,” ते म्हणाले.

उलगडा झाला. पाहुणे येणार म्हणून यजमानांच्या घरी सकाळीच लाकडी कपाटांवर पॉलिशचा फवारा मारला होता. असल्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. त्याचे बारीक कण हवेतून येऊन पट्टीवर बसले होते. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण टायरला पुरेपूर कळत होतं. मग चौघांनी मिळून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं घेऊन पट्टी इंच इंच पुसून काढली. तासाभरात गाड्या पुन्हा जमीन धरून सुटू लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे शर्यतीच्या दिवशी घर झाडायलासुद्धा बंदी आहे.

नाक वर, वीज गायब

नवीन मुलाला हौस असते ती गरम मोटरची. इथे सगळा हिशेब ओहमचा. थंडरजेटच्या मूळ आर्मेचरचा रोध साधारण १६ ओहम असतो. जाड तारेच्या कमी वेढ्यांनी गुंडाळलेली तेज आर्मेचर मिळतात. त्यातलं जुन्या मंडळींचं लाडकं हिरव्या तारेचं ‘मीन ग्रीन’, रोध सहा ओहमच्या आसपास. १८ व्होल्टवर सुटण्याच्या क्षणी पहिलं आर्मेचर अंदाजे १.१ अँपियर ओढेल, दुसरं ३ अँपियर. डीसी मोटरचा जोर याच क्षणी सर्वांत जास्त असतो. कागदावर सगळं छान दिसतं.

आमच्यातल्या एका मराठी घरातली मुलगी अशीच गाडी घेऊन आली. आर्मेचर हिरवं, मॅग्नेट जोडीने जुळवलेले, सगळं चोख. पण वेळ मात्र साध्या गाडीहून वाईट येत होता.

“काका, ही सुटताना अडखळते. दोनदा धक्का बसल्यासारखी वाटते.”

“फोन काढ. स्लो मोशन लाव,” मी म्हटलं.

सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात पहिल्या सव्वा अकरा इंचांची पन्नासेक चित्रं मिळतात. ती एकेक करून पुढे सरकवली. पहिल्या काही चित्रांत मागची चाकं पकड घेतात, मग पुढचं टोक उचललं जातं. पुढच्या चित्रात शू रुळावरून सुटतात आणि तिथे एक निळसर ठिणगी दिसते. वीज तुटली, मोटर मेली, नाक खाली आलं. शू टेकले, पुन्हा वीज, पुन्हा नाक वर. डोळ्याला जो ‘धक्का’ वाटत होता तो खरं तर वीज जाण्या-येण्याचा खेळ होता.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे नाकावर शिसं चिकटवणं. तो अर्धवट उपाय आहे, कारण पुढे वाढवलेल्या प्रत्येक ग्रॅमला ढकलायचं कामही त्याच मोटरला करावं लागतं. तिने तीन गोष्टी केल्या, पण एका वेळी एकच. आधी मागे बारीक तारेचा व्हीली बार झाळला, जमिनीपासून केसभर वर, म्हणजे नाक उचललं तरी फार उचलू नये. मग शूची खाली येण्याची मुभा किंचित वाढवली, म्हणजे नाक थोडं वर गेलं तरी शू रूळ सोडणार नाही. शेवटी शूचा तळ रुळाला सपाट बसतो का ते पाहिलं. शू वापरात आला की त्यावर घासल्याची एक रेघ उमटते. ती रेघ टोकालाच दिसली तर शू तिरका टेकतोय, आणि लांबलचक एकसारखी दिसली तर वीज नीट पोचतेय. तिने भिंगाखाली ती रेघ पाहून शू चिमट्याने इतका हलका वाकवला, की बाजूला बसलेल्याला ती नुसतं धरून बसली आहे असंच वाटलं असतं. त्या संध्याकाळी तिची गाडी आमच्यातल्या मोठ्यांना मागे टाकून गेली. मोटर तीच होती.

टूथपेस्ट आणि कान

थंडरजेटच्या पाठीवरच्या गिअरांचा एक जुना उपाय ऐकून नवखे हसतात. गिअरांना थोडी टूथपेस्ट लावायची, कमी व्होल्टेजवर गाडी थोडा वेळ फिरवायची आणि मग सगळं धुऊन पुसून काढायचं. टूथपेस्टमधला बारीक खरखरीतपणा दात्यांवरचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे घासतो आणि दाते एकमेकांत सैल, तरीही न डगमगता बसतात. टूलरूममध्ये लॅपिंग करतात त्याचंच हे घरगुती रूप. मात्र सगळी टूथपेस्ट निघाली नाही, तर तीच पुढे गिअर खात बसते. म्हणून लावण्यापेक्षा काढण्याला जास्त वेळ द्यायचा.

जुन्या प्लॅस्टिकच्या चॅसी वर्षानुवर्षांत वाकड्या होतात. त्या सपाट धातूच्या पट्टीवर घट्ट बांधून गरम पाण्यात धरतात आणि बांधलेल्या अवस्थेतच थंड होऊ देतात. चॅसी पिळलेली असेल तर एक मागचं चाक हलकं टेकतं आणि पहिल्या फुटात गाडी एकाच चाकावर ढकलली जाते.

यातलं खरं शिक्षण मात्र कानांचं. आमचे टूलमेकर गाडी हातात धरतात, शूला दोन तारा लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. किरकिर असली तर गिअर, घरघर असली तर आर्मेचरचा दांडा, फुसफुस करत आवाज चढला-उतरला तर ब्रश. एकदा माझ्या गाडीचा आवाज ऐकून ते म्हणाले, “हिला तेल जास्त झालंय.” उघडून पाहिलं, तर दांड्यावरचं तेल कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश जिथे घासून आर्मेचरला वीज देतात त्या भागावर, उतरून ब्रशच्या काळ्या भुकटीत मिसळलं होतं. कम्युटेटरच्या तुकड्यांमध्ये असा काळा चिखल बसला की वीज नको त्या वाटेने जाते. तेल द्यायचं तर सुईच्या टोकावर मावेल तेवढं. त्या दिवसापासून माझ्या पेटीत तेलाच्या बाटलीशेजारी एक शिवणाची सुई असते.

डावी लेन जिंकतेय

एका पट्टीवर सगळे डावी लेन मागू लागले होते. डावीकडची गाडी जिंकायची, गाड्या अदलाबदल केल्या तरी डावीकडचीच. लोक शकुन-अपशकुन मानू लागले होते. मल्टिमीटर लावला, दोन्ही लेनवर १८ व्होल्ट. मग फरक कुठे आहे?

मल्टिमीटर खोटं बोलत नव्हता, पण प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. रिकाम्या रुळावर कुठेही मोजा, व्होल्टेज पूर्ण येणारच. गाडी तीन अँपियर ओढत असताना तिथे किती उरतं, हे मोजायला हवं. एकाने लेनच्या सुरुवातीला गाडी हाताने रोखून धरली, क्षणभर ट्रिगर दाबला आणि दुसऱ्याने आकडा वाचला. डावीकडे व्होल्टेज थोडंसं उतरलं. उजवीकडे धाडकन खाली आलं.

कारण होतं ट्रॅकच्या तुकड्यांमधले जोड. जोडावर गंज आणि मळ बसला की तिथे रोध वाढतो. अर्धा ओहम ही नगण्य गोष्ट वाटते, पण तीन अँपियर वाहताना त्या अर्ध्या ओहमवर दीड व्होल्ट गळतात. असे दोन-तीन जोड असले की गाडी उपाशी राहते, तेही सुटण्याच्या क्षणी, जेव्हा तिला सर्वाधिक भूक असते. पट्टीच्या खालून जाड तांब्याची तार ओढली आणि ठिकठिकाणी रुळांना झाळून टाकली. जोडांवरचा भार संपला. सेटसोबत येणारा चिमुकला पुरवठाही बाजूला ठेवून, भार आला तरी व्होल्टेज न सोडणारा नियंत्रित पुरवठा लावला. डाव्या लेनची मिरास त्या रात्री संपली.

यातून एक नियम आला आणि तो मला फार न्याय्य वाटतो. प्रत्येक जोडी दोन्ही लेनवरून एकेकदा पळते. पट्टी कितीही चांगली असली तरी हा नियम मोडत नाही.

झिजलेलं चाक

चुंबकाच्या वर्गातल्या गाड्यांची गोष्ट निराळी. ऑरोराने १९७४ मध्ये ‘मॅग्ना-ट्रॅक्शन’ आणलं आणि गाडीचा चुंबक खालच्या पोलादी रुळांना ओढू लागला. ड्रॅगमध्ये याचं महत्त्व एका आकड्यात सांगता येतं. चुंबक नसलेल्या गाडीची पकड तिच्या वजनाइतकीच आहे असं धरा. मग मोटर कितीही भारी लावा, आमची पट्टी ती १.१३ सेकंदांहून कमी वेळात पार करूच शकत नाही, कारण तिचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या दरापेक्षा जलद वाढू शकत नाही. चुंबक चाकांवरचा दाब वाढवतो आणि गाडीचं ओझं मात्र वाढत नाही. ही कोंडी फोडायचा तो मोठा मार्ग.

आमच्यातल्या एकाची गाडी महिन्यामागून महिने थोडी थोडी वेगवान होत गेली. तो काहीच करत नव्हता, आणि हेच त्याला सतावत होतं. हंगामाच्या मध्यावर त्याने हौसेने नवे टायर चढवले आणि गाडी मंदावली. टायर सदोष निघाले म्हणून तो चिडला. टूलमेकरांनी व्हर्निअर काढून जुने टायर मोजले. जुने टायर काही थाउंनी बारीक झाले होते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाक झिजलं तशी चॅसी खाली बसली, चुंबक रुळाच्या जवळ आला आणि ओढ वाढली. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते, म्हणून तिथे दोन-चार थाउ म्हणजे मोठी गोष्ट. नवे टायर त्याने पॉलिश पेपरवर घासून जुन्यांच्या मापाला आणले आणि गाडी जागेवर आली.

पण याला दुसरी बाजूही आहे. सुरुवातीला मदत करणारा चुंबकच अर्ध्या पट्टीपुढे गाडीला मागे ओढतो. शिवाय चाक बारीक झालं की प्रत्येक फेऱ्यात गाडी कमी अंतर कापते, म्हणजे गिअर बदलल्यासारखाच परिणाम होतो. सात दात्यांची पिनियन आणि पंचवीस दात्यांचा क्राउन गिअर असेल तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर ३.५७ वेळा फिरते. क्राउन बावीस दात्यांचा केला तर ३.१४ वेळा. पहिल्यात सुटण्याचा जोर, दुसऱ्यात शेवटचा वेग. चाक, चुंबकाची उंची आणि गिअर हे तिघे एकमेकांना बांधलेले आहेत. एकाला हात लावला की दुसरे दोघे बोलतातच.

चुंबकावरून एक तपासणीचा किस्साही सांगायला हवा. बिनचुंबकाच्या वर्गात एक पाहुणा आला. गाडी विलक्षण सुटत होती. पोटाखाली पितळेचं वजन, नियमात बसणारं. तपासणाऱ्या काकांनी खिशातली टाचणी काढून त्या पितळेला टेकवली. पितळ चुंबकाला दाद देत नाही. टाचणी मात्र लटकून राहिली. पितळेच्या पत्र्याखाली चुंबकाची चकती दडवली होती. काकांनी आवाज चढवला नाही. “ही गाडी चुंबकाच्या वर्गात छान पळेल, तिकडे नाव लिहू का?” एवढंच विचारलं. पाहुणा त्या वर्गात खेळला आणि आजही आमच्यात येतो. मंडळ टिकतं ते काकांसारख्या माणसांमुळे.

मावशी आणि शेवटचा पिवळा

माझी मावशी साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आली होती. बँकेत कॅशिअर म्हणून निवृत्त झालेली. तळघरात आम्ही काय करतो हे बघायला खाली उतरली आणि खुर्ची ओढून दिव्यांच्या खांबासमोर बसली.

“हिरवा लागला की दाबायचं ना रे?”

“नाही मावशी. हिरव्याची वाट पाहिली तर उशीर होतो. शेवटचा पिवळा लागला की दाब.”

हा ड्रॅगमधला मोठा बारकावा आहे. साध्या पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. दिसलेलं बोटापर्यंत पोचायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. त्यानंतर गाडीला सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडायलाही वेळ हवा. म्हणून मुरलेला खेळाडू शेवटच्या पिवळ्यावर सुटतो, आणि कंट्रोलर केव्हा दाबायचा हे आपापल्या गाडीप्रमाणे ठरवतो. हिरव्याआधी किरण तुटला तर लाल दिवा, खेळ खलास.

आम्ही ब्रॅकेट पद्धतीने खेळत होतो. त्यात प्रत्येकाने आपला वेळ आधी जाहीर करायचा. मंद गाडीला तेवढी आघाडी मिळते आणि जाहीर केलेल्या वेळापेक्षा जलद पळालात तर बाद. मावशीला दिलेली गाडी होती कारखान्यातून आलेली साधी थंडरजेट, कसलाही बदल न केलेली. पण तिची प्रत्येक फेरी जवळजवळ सारखी येत होती. मावशीचा हातही तसाच. समोरच्याच्या गाडीचा आवाज, पोरांची आरडाओरड, कशाकडेही तिने मान वळवली नाही. नजर फक्त त्या शेवटच्या पिवळ्यावर. अंतिम फेरीत तिने ज्याला हरवलं त्याची गाडी तिच्याहून कितीतरी वेगवान होती. तो हरला सुरुवातीच्या रेषेवर. ड्रॅगवाल्यांच्या भाषेत हा ‘होलशॉट’.

जिंकल्यावर ती म्हणाली, “गाडी काय, तिचं काम ती करतेच. आपण आपलं वेळेवर करायचं.”

थंड डोक्याची मोटर

शेवटचा बारकावा उष्णतेचा. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, अंशाला सुमारे ०.४ टक्के. आर्मेचर पन्नास अंशांनी तापलं तर रोध वीस टक्क्यांच्या आसपास चढतो आणि सुटण्याचा जोर त्या प्रमाणात उतरतो. चुंबकही गरम झाले की थोडे मऊ पडतात. म्हणून लागोपाठ सराव करत बसणारा खेळाडू खऱ्या फेरीला दमलेली मोटर घेऊन येतो. आमच्यातली जाणती माणसं दोन फेऱ्यांच्या मधे गाडी ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यावर ठेवतात आणि हात बांधून बसतात. ते हात बांधून बसणं शिकायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

हे सगळे बारकावे हातातून निसटू नयेत म्हणून आम्ही वही ठेवतो. तारीख, तळघराचं तापमान, लेन, टायरचा व्यास, आर्मेचरचे ओहम, पहिल्या सव्वा अकरा इंचांचा वेळ आणि एकूण वेळ. एका वेळी एकच बदल, आणि त्या बदलानंतर काही फेऱ्या झाल्याशिवाय निकाल नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी ती का सुधारली ते कळत नाही, आणि न कळलेली सुधारणा पुढच्या शनिवारी टिकत नाही.

पुण्या-ठाण्याच्या, कोल्हापूर-नाशिकच्या कुणा मुलाच्या हाती अशी गाडी आली, तर त्याला माझं सांगणं आहे. तेज आर्मेचर मागवायच्या आधी टायर टेपवर फिरव. शूवरची रेघ भिंगाखाली बघ. भार देऊन व्होल्टेज मोज. कम्युटेटर पूस. चाकाचा व्यास लिहून ठेव. या पाच गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि पहिल्या फुटात हरवलेला बहुतेक वेळ त्यातच सापडतो. मोटर नंतर घे. तोवर तुला नेमकी कुठली मोटर हवी हेही कळलेलं असेल.

आणि जे कळेल ते लपवू नकोस. आमच्या मंडळात प्रत्येकाची वही टेबलावर उघडी असते आणि कुणीही ती चाळू शकतो. टूलमेकरांनी आपली सगळी युक्ती त्या पोरीला शिकवली आणि ती आता त्यांना नियमाने हरवते. दर वेळी ते तिचा आकडा आपल्या वहीत उतरवून घेतात आणि तिला विचारतात, या खेपेला काय बदललंस? ती सांगते. मग ते घरी जाऊन ते करून बघतात, आणि पुढच्या शनिवारी दोघांचीही गाडी आधीपेक्षा वेगवान असते.